चंद्र-ग्रहांची निरीक्षणं ग्रुपने करायची तर आधी सगळ्यांची घड्याळं जुळवा

एका ग्रुपने फोटोसकट प्रश्न पाठवलाय, थोडक्यात असा की तालुक्याच्या गावात चौदा-पंधरा जणांचा ग्रुप आहे, एक आठ इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण), दोन पाच-सहा इंची आणि बाकी ७० मिमीच्या छोट्या दुर्बिणी, दर आठवड्याला चंद्राचे, गुरूचे फोटो व्हॉट्सॲपवर पडतात, चार जण अंगठा दाखवतात आणि तिथेच संपतं. यातून काही खरं उपयोगाचं काम होऊ शकतं का, आणि सगळ्यांनी मिळून ते कसं करायचं.

होऊ शकतं. पण आधी एक किस्सा सांगते, माझा नाही, सगळ्यांना माहीत असलेला. १० सप्टेंबर २०१२, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीनचा डॅन पीटरसन पहाटे गुरू बघत होता. कॅमेरा नाही, नुसता डोळा आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाला. गुरूच्या कडेजवळ एक ठिणगी चमकली, जेमतेम दोन सेकंद, आणि गेली. त्याने वेळ टिपली, ११:३५ युटी (ग्रीनिचची वेळ, जगभर एकच; तिथे तेव्हा सकाळचे साडेसहा), आणि इतरांना कळवली. तिकडे टेक्सासमध्ये डॅलसला जॉर्ज हॉल म्हणून दुसरा हौशी माणूस त्याच पहाटे गुरूचे व्हिडिओ घेत होता, त्याने ही बातमी वाचून आपल्या फायली तपासल्या तर त्या मिनिटाला चमक त्याच्याकडे रेकॉर्ड झालेली! दोघं एकमेकांपासून तेराशे-चौदाशे किलोमीटरवर, ठरवून काही केलेलं नाही, तरी दोघांचं मिळून एक पक्कं निरीक्षण झालं, कारण दोघांची घड्याळं बरोबर होती. पीटरसनने "पहाटे साडेसहाच्या आसपास काहीतरी चमकलं बुवा" एवढंच लिहिलं असतं तर हॉलने किती व्हिडिओ चाळले असते सांगा.

म्हणून मला कोणी विचारलं की ग्रुपचं काम कुठून सुरू करू तर मी दुर्बिणीचं नावच काढत नाही, मी विचारते की तुमच्या पंधरा जणांच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत. करून बघा. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा मोबाइलवाले बऱ्यापैकी जुळले पण दोन लॅपटॉप दीड-दोन मिनिटं मागे होते, आणि नेमके तेच लॅपटॉप कॅमेऱ्याला लावलेले. गच्चीवर नेट नसतं, लॅपटॉप महिनोन्महिने ऑनलाइन येत नाही, घड्याळ सरकत जातं. त्यामुळे निघायच्या आधी घरी नेटवर सिंक करायचं, नाहीतर गच्चीवर मोबाइलचा हॉटस्पॉट द्यायचा. आमच्या आधीची मंडळी आकाशवाणीच्या बातम्यांआधी जे पिप पिप वाजायचं त्यावर स्टॉपवॉच लावायची, आणि खरं सांगू का, त्यांच्या वह्या आमच्या हार्डडिस्कपेक्षा जास्त भरवशाच्या आहेत.

दुसरी गोष्ट युटी. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा, हे सगळ्यांना पाठ असतं, पण तारीख बदलते हे पहाटे तीन वाजता कोणाच्याही डोक्यात राहत नाही. ११ तारखेच्या पहाटे ३ ला घेतलेला फोटो १० तारखेच्या २१:३० चा असतो. ३ जून २०१० ला गुरूवर अशीच चमक ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्लीने आणि फिलिपीन्समधल्या ख्रिस्तोफर गोने एकाच वेळी पकडली, २०:३१ युटीला, आपल्याकडे तेव्हा ४ जून उजाडून दोन वाजून एक मिनिट झालेलं. आपल्या कोणी नुसतं "३ जूनच्या रात्री" लिहिलं असतं तर ती कुठली रात्र म्हणायची, २ ची पहाट की ३ ची की ४ ची? आमच्या ग्रुपमध्ये एकाने वर्षभर फायलींना लोकल टाइम दिला होता आणि बाकीच्यांनी युटी. गुरू स्वतःभोवती तासाला ३६ अंश फिरतो, साडेपाच तासांत जवळजवळ २०० अंश. सगळे फोटो एकत्र लावले तर त्याचा ग्रेट रेड स्पॉट, म्हणजे तो मोठा तांबडा डाग, ग्रहाच्या भलत्याच बाजूला! आधी वाटलं काहीतरी शोधच लागला की काय, मग कळलं.

फाइलचं नाव द्यायची पद्धत विनज्युपॉस या ग्रहांचे फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरवाल्यांची आहे तीच घ्या, वर्ष-महिना-दिवस-तासमिनिट, मग अंडरस्कोर आणि मिनिटाचा दहावा भाग, मग निरीक्षकाची आद्याक्षरं. व्हिडिओ घ्यायला फायरकॅप्चर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर सेटिंगमध्ये एकदा हे टाकलं की आपोआप होतं, वर प्रत्येक व्हिडिओबरोबर एक छोटी टेक्स्ट फाइल पण बनते तिच्यात सुरुवात, शेवट, फिल्टर, फ्रेम्स सगळं असतं, ती फाइल डिलीट करू नका हो, लोक "जागा खाते" म्हणून उडवतात, दोन केबीची फाइल. आणि फोटो व्हॉट्सॲपवर गप्पांसाठी टाका हवे तेवढे पण मूळ फाइल ड्राइव्हवर ठेवा. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, नाव बदलून डब्ल्यूए००१२ असलं काहीतरी करतं, वेळेची माहिती पण जाते. सहा महिन्यांनी तो फोटो म्हणजे एक गोल छान दिसणारी गोष्ट, बाकी काही नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि ही पटवायला मला सगळ्यात त्रास होतो. काही दिसलं नाही तरी नोंद करायची. लोक म्हणतात, अहो काही दिसलंच नाही तर लिहू काय. हेच लिहायचं की इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत गुरू बघितला, सीइंग, म्हणजे हवा किती स्थिर, असं होतं, काही वेगळं नाही. फ्रान्समधल्या मार्क डेलक्रॉय यांनी डिटेक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर बनवलंय, ते आपले गुरूचे व्हिडिओ फ्रेम फ्रेम तपासून चमक शोधतं, आणि चमक नसली तरी तो लॉग तिकडे पाठवायचा असतो, कारण जगभरातल्या लोकांनी मिळून एकूण किती तास गुरू बघितला हे कळल्याशिवाय गुरूवर वर्षाला अंदाजे किती दगड आदळतात हा हिशोबच मांडता येत नाही. म्हणजे तुमच्या गावचा तो कंटाळवाणा तीन तासांचा डेटा ज्याच्यात काहीच घडलं नाही, तो हिशोबात धरला जातो. मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण माझ्याकडे तसले तास भरपूर आहेत.

आणि आपली जागा पण लक्षात घ्या. गुरू दहा तासांच्या आत एक फेरी मारतो, एका गावातून सगळा गुरू रोज बघणं कोणालाच जमत नाही, साखळी लागते. जपान, फिलिपीन्स, ऑस्ट्रेलियात उजाडलं की युरोपवाल्यांची चांगली वेळ येईपर्यंतच्या मधल्या तासांत आपण असतो. २००९ च्या जुलैत वेस्लीने गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग पाहिला, आदळल्याची खूण, तो एकट्याने पाहिला आणि मग व्यावसायिक दुर्बिणी तिकडे वळल्या. हवाईची मोठी दुर्बीण काय किंवा कुठलं यान काय, ते रोज रात्री गुरूकडे बघत बसत नाही, बघत बसणारे आपणच.

बरं, मग पंधरा जणांना काम काय द्यायचं. इथे माझं मत जरा स्पष्ट आहे, एका वेळी एकच विषय घ्या. सगळ्या ग्रहांचे विभाग करायचं काम आल्पोसारख्या अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांच्या संस्थेला शोभतं, वॉल्टर हास यांनी १९४७ मध्ये सुरू केली, किंवा ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनला जी १८९० पासून चालू आहे, प्रत्येक ग्रहाला एक वेगळा माणूस, रिपोर्ट त्याच्याकडे जातात. आपल्याकडे पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेला १९४४ पासूनची परंपरा आहे. पंधरा जणांनी आठ विभाग काढले तर आठ अध्यक्ष आणि सात निरीक्षक होतील.

माझी पसंती सुरुवातीला ग्रेट रेड स्पॉटला. सोपं आहे आणि हाताला लगेच काहीतरी लागतं. करायचं एवढंच की डाग गुरूच्या मधल्या रेषेवर कधी आला ती वेळ लिहायची, याला ट्रान्झिट म्हणतात. तीन वेळा लिहायच्या, डागाची पुढची कड मध्यावर आली ती, डागाचा मध्य आला ती, आणि मागची कड आली ती. एक मिनिट म्हणजे ०.६ अंश. डाग आता साधारण २० मिनिटांत मध्यरेषा ओलांडतो, म्हणजे जवळपास १२ अंश रुंद. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो ४० हजार किलोमीटरच्या पुढे होता, २०१४ मध्ये हबलने मोजला तेव्हा १६,५०० च्या आसपास, आणि आकसतोच आहे. तुमच्या सहा इंचीवाल्यांना हे डोळ्याने जमेल, आठ इंचीला नक्की. एकदा झालं की एक दिवस सोडून साधारण १ तास ३८ मिनिटं उशिरा तोच डाग पुन्हा मध्यावर, कारण गुरूच्या पाच फेऱ्या ४९ तास ३८ मिनिटांत होतात. मग कॅलेंडर करून ठेवता येतं.

फक्त एक अट, ट्रान्झिट बघताना एकमेकांशी बोलायचं नाही. हे मी फार कडकपणे पाळते आणि लोक वैतागतात. एकाने "आला बघ मध्यावर" म्हटलं की बाकी चौघांना त्याच सेकंदाला तो मध्यावर दिसतो, मग पाच निरीक्षणं नाही, एकच निरीक्षण पाच वेळा लिहिलेलं. आमच्या एका रात्रीच्या पाच वेळा अजून वहीत आहेत, २१:४२, २१:४४, २१:४५, २१:४५ आणि २१:५१. तो ५१ वाला मुलगा नवीन होता, त्याला वाटलं आपलं चुकलं म्हणून तो खोडायला निघाला, मी खोडू दिलं नाही. सरासरी काढताना काय करायचं ते नंतर बघू, वहीतलं खोडायचं नाही. (पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या वेळा सगळ्यांबरोबर यायला लागल्या ते वेगळं.)

फोटोवाल्यांसाठी, गुरूचा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांच्या वर नेऊ नका, नाहीतर ग्रह फिरल्याने बारकावे पुसले जातात, जास्त घ्यायचाच तर नंतर विनज्युपॉसमध्ये डीरोटेशन, म्हणजे ग्रहाचं फिरणं हिशोबाने काढून टाकायचं. आणि चित्र काढणारे असतील, असावेत, तर १५-२० मिनिटांत संपवायचं, दहा मिनिटांत सहा अंश सरकतो तो. आधी ठळक पट्टे आणि डाग, त्याची वेळ लिहायची, मग बाकीचं. चित्रावर उत्तर दिशा कुठे ते लिहा. न्यूटोनियन म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत उलटं दिसतं, डायगोनल (आयपीसआधी लावायचा तिरका आरसा) लावलं की आरशातलं दिसतं, कोण काय बघतंय देव जाणे. यावर सगळ्यात सोपा उपाय डॉब्सोनियनवाल्यांकडे असतोच, हात लावू नका, ग्रह ज्या बाजूने सरकत बाहेर जाईल ती आकाशातली पश्चिम. कागदावर तिथे बाण काढायचा. मोटर असेल तर मोटर बंद करून बघायचं.

चंद्रावर करण्यासारखं इतकं आहे की मी दोनच सांगते. एक म्हणजे अंधाऱ्या बाजूवर उल्का आदळल्याच्या चमका. १८ नोव्हेंबर १९९९ ला सिंह राशीतल्या उल्कावर्षावात अमेरिकेत ब्रायन कडनिकने डोळ्याने आणि डेव्हिड डनहॅमने व्हिडिओवर तीच चमक टिपली, तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा पक्की झाली. २१ जानेवारी २०१९ च्या ग्रहणात ४:४१ युटीला एक चमक झाली ती तर कितीतरी जणांच्या लाइव्ह व्हिडिओत आली. यात एकट्याच्या निरीक्षणाला किंमत जवळजवळ शून्य, कारण कॅमेऱ्यावर अवकाशातला कण, कॉस्मिक रे, पडला तरी ठिपका उमटतो, एखादा उपग्रह लकाकला तरी उमटतो. दोन दुर्बिणी वीस-तीस किलोमीटर लांब ठेवा, दोन्हीकडे त्याच क्षणी चंद्राच्या त्याच जागी ठिपका आला तर बोलायचं. तुमच्या ग्रुपमधले दोघं-तिघं शेजारच्या गावांत राहतात असं लिहिलंय, ही तुमची अडचण नाही, हेच तुमचं भांडवल आहे. शुक्ल चतुर्थी ते अष्टमीची संध्याकाळ, उजेडाचा भाग फ्रेमच्या बाहेर, सलग व्हिडिओ. कंटाळवाणं काम आहे हे आधीच सांगून ठेवा.

दुसरं ग्रहण. पृथ्वीच्या छायेची कड कुठल्या विवरावर किती वाजता आली ते लिहायचं, टायको, कोपर्निकस, प्लेटो अशी दहा-बारा ओळखीची विवरं घ्या, ७० मिमी दुर्बीण अगदी पुरते, म्हणून छोट्या दुर्बिणीवाल्यांना हे द्या, त्यांना नेहमी वाटतं आपण नुसते प्रेक्षक. छायेची कड धूसर असते त्यामुळे दोघांच्या वेळांत अर्धा मिनिट फरक पडणारच, म्हणून तर माणसं जास्त लागतात. या वेळांवरूनच कळतं की छाया नुसत्या भूमितीने येते त्यापेक्षा साधारण दोन टक्के मोठी असते, आपल्या वातावरणामुळे. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच रात्री आलं, अर्धा ग्रुप मिरवणुकीने दमलेला, वर सप्टेंबरचे ढग. आम्ही पाच ठिकाणी माणसं ठेवली होती. चार ठिकाणी काहीही नाही, पाचव्या ठिकाणी डोंगराच्या पलीकडे चाळीस मिनिटं उघडलं, तिथल्या दोघांनी सात विवरांच्या वेळा आणल्या. सगळेच एकाच गच्चीवर असते तर शून्य आल्या असत्या.

चंद्रावर "लाल रंग दिसला", "निळसर चमक दिसली" असे रिपोर्ट तुमच्याकडे नक्की येतील, दर वर्षी येतात. १९५८ मध्ये कोझिरेव्ह या रशियन खगोलशास्त्रज्ञाने चंद्रावरच्या अल्फॉन्सस विवराबद्दल लिहिल्यापासून लोकांना हे फार आवडतं. असा रिपोर्ट आला की हसू नका आणि लगेच पुढेही पाठवू नका. फक्त विचारा की शेजारच्या तीन विवरांच्या कडा बघितल्या का, आणि चंद्र किती उंच होता. चंद्र खाली असला की हवाच प्रिझमसारखी वागते, प्रत्येक उजळ कडेला एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर झाक येते. दहापैकी नऊ वेळा तेच असतं. आयपीस बदलून, दुसऱ्या दुर्बिणीतून, दुसऱ्या माणसाला बघायला लावा, तेही काय दिसलं ते न सांगता. त्यालाही तिथेच दिसलं तर मग रात्री अकराला फोन करा मला, चालेल.

बाकी ग्रह थोडक्यात. मंगळाचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा, त्यामुळे रोज त्याच वेळेला बघितलं तर तोच भाग जरा मागे सरकलेला दिसतो आणि सगळा मंगळ बघायला पाच-साडेपाच आठवडे लागतात, म्हणून इथे तारखा वाटून घ्यायच्या, एका रात्री सगळ्यांनी बघून चार रात्री मोकळ्या सोडायच्या नाहीत. आपलं नशीब असं की २०१८ ची जवळची प्रतियुती (सूर्य आणि मंगळाच्या मधे पृथ्वी येते ती वेळ) २७ जुलैला, ग्रहावर धुळीचं वादळ आणि आपल्याकडे आषाढ. पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ ला आहे, मंगळ लहान दिसेल पण आभाळ तरी मोकळं असेल. शुक्राचं एक मजेदार काम आहे, तो बरोबर अर्धा कधी दिसतो ती तारीख. गणिताने येते त्यापेक्षा काही दिवस पुढे-मागे दिसतो, श्रोटर या जर्मन निरीक्षकाच्या नावाने ओळखतात हे, आणि त्याला साधी छोटी दुर्बीण पुरते, फक्त सगळ्यांनी संधिप्रकाशातच बघायचा, अंधार पडला की तो नुसता भगभगतो. शनीवर पांढरा डाग कधी उगवेल सांगता येत नाही, १९३३ चा विल हे नावाच्या इंग्रज विनोदी नटाने शोधला होता, घरच्या सहा इंची दुर्बिणीतून. ग्रुपमध्ये कोणी नाटकवाला असेल तर त्याला शनी द्या.

आता कोऑर्डिनेटर. हे पद मानाचं नाही, हमालीचं आहे. एक साधी शीट ठेवा, तारीख युटी, सुरुवात, शेवट, निरीक्षक, दुर्बीण, मॅग्निफिकेशन, सीइंग, काय दिसलं. सीइंगला एकच मोजपट्टी, अँटोनियाडीची १ ते ५ घ्या, तिच्यात १ म्हणजे उत्तम, आणि कोणी पिकरिंगची १ ते १० वापरत असेल ज्यात १ म्हणजे वाईट, तर त्याला आधीच थांबवा, नाहीतर वर्षाच्या शेवटी कुठला १ चांगला कुठला वाईट हे कोणालाच कळत नाही. आमचा एक अख्खा सीझन यात गेलाय. आणि आलेल्या प्रत्येक रिपोर्टला आठ दिवसांत उत्तर द्यायचं, दोन ओळी का होईना, "तुमची वेळ बाकीच्यांपेक्षा तीन मिनिटं पुढे आहे, घड्याळ बघा" एवढं पुरतं. माणसं ढगांमुळे सोडत नाहीत, पाठवलेलं कोणी बघत नाही म्हणून सोडतात. पावसाळ्याचे चार महिने तसेही रिकामे, तेव्हा जुन्या फायली काढून डिटेक्टवर चालवा, नव्या पोरांना चित्र काढायची प्रॅक्टिस द्या, खिडकीत फोटो चिकटवून पंधरा फुटांवरून काढायला लावा. मग कळतं कोण बघून काढतं आणि कोण आठवून काढतं.

वर्षभर डेटा नीट जमला की मग बाहेर पाठवा, आल्पो घेते, ब्रिटिश असोसिएशन घेते, स्पेनमधल्या बास्क विद्यापीठाचा पीव्हीओएल डेटाबेस आहे तो हौशी लोकांचे ग्रहांचे फोटो घेतो आणि संशोधक ते वापरतात. पहिल्या महिन्यात पाठवायची घाई नको.

राहता राहिलं ते आठ इंचीचं, फोटोत दिसतंय की ती तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलेली आहे आणि शेजारी कोणाच्यातरी एसीचं आउटडोअर युनिट. ग्रहांना गावातल्या दिव्यांचा काही त्रास नाही पण स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि मध्यरात्रीपर्यंत गरम हवा वर सोडत राहतो, गुरू उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा दिसतो, तुम्ही लिहिलंय की "कोलिमेशन करूनही शार्प येत नाही", तो कोलिमेशनचा, म्हणजे आरसे जुळवण्याचा, दोष नाहीच बहुतेक. खाली अंगणात मातीवर किंवा गवतावर उतरवा, बघायच्या आधी तासभर बाहेर ठेवा म्हणजे आरसा थंड होईल, आणि मग त्याच रात्री एक माणूस गच्चीवर सहा इंची घेऊन आणि एक माणूस खाली, दोघांनी न बोलता दर पंधरा मिनिटांनी सीइंग लिहायचं. हेच तुमचं पहिलं कोऑर्डिनेटेड निरीक्षण समजा, आणि आकडे आले की मला पाठवा.